आवाज क्रमांक तीन

मुजावरभाऊ दारात आले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते, म्हणजे मी मौनात होते. उठल्यापासून बारा वाजता देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत मी बोलत नाही. हे अख्ख्या नीरगावाला माहीत आहे, त्यामुळे ते काही न विचारता ओसरीवर टेकले.

"बसतो मी बारापर्यंत," ते माझ्या नणंदेला म्हणाले. "कामच तसं आहे."

"दोन तास नुसते बसणार?" अक्कांनी पावट्याच्या शेंगांची टोपली त्यांच्यापुढे सरकवली. "मग एवढ्या सोला."

मुजावरभाऊंचं बाजारपेठेत कानाच्या यंत्रांचं दुकान आहे. बहिऱ्या माणसांशी बोलून बोलून ते प्रत्येक शब्द सावकाश, तोंड उघडून उच्चारतात. त्यांनी मुकाट्यानं शेंगा सोलल्या. मी वाती वळत होते, पण माझी बोटं चुकत होती. माझे यजमान अच्युत बिडकर जाऊन त्र्याऐंशी दिवस झाले होते, आणि त्या दिवसांत घरी आलेल्या कोणीही चांगली बातमी आणलेली नव्हती.

निवडणुका 'काही काळ' थांबवून कारभारी मंडळानं राज्य हाती घेतलं त्याला सात वर्षं झाली. ह्यांनी भूगोलाच्या तासाला मुलांना सांगितलं की नकाशावरच्या रेषा माणसं ठरवतात आणि बदलूही शकतात. त्यावरून कॉलेजातली नोकरी गेली. मग दर शनिवारी तहसील कचेरीसमोरच्या चौकात एक पत्र्याची पेटी ठेवायची असं ह्यांनी ठरवलं. लोकांनी रांगेत यायचं, बोटाला शाई लावून घ्यायची आणि एक कोरी चिठ्ठी पेटीत टाकायची. घोषणा नाहीत, भाषणं नाहीत. "मत द्यायची सवय मोडायला नको," हे म्हणायचे.

दुसऱ्याच महिन्यात पोलिसांनी आवाजाचा गोळा फोडला. त्यात ह्यांचा डावा कान गेला, उजवा निम्मा उरला. त्या आठवड्यात मी मौनाचं व्रत घेतलं. देवा, माझा आवाज घे, पण ह्यांना सांभाळ, असं म्हणून. पूर्ण आवाज द्यायची छाती झाली नाही, म्हणून सकाळचा दिला.

आणि मुजावरभाऊंनी ह्यांच्या उजव्या कानात कानमणी बसवला.

नैवेद्य दाखवून मी बाहेर आले. "बोला," म्हटलं.

"वहिनी, सरांचा मणी तुमच्याकडे आहे ना?"

होता. इस्पितळानं चष्मा आणि घड्याळाबरोबर तोही दिला होता. मी तो देव्हाऱ्यात, माझ्या कुंकवाच्या करंड्यात ठेवला होता.

"त्यात सरांची शेवटची दीड मिनिटं आहेत," मुजावरभाऊ म्हणाले.



त्यांनी समजावून सांगितलं ते असं. आपण एखाद्याचं बोलणं लक्ष देऊन ऐकतो तेव्हा मेंदूतल्या लहरी त्या आवाजाच्या चढउताराबरोबर वरखाली होतात. भोवती दहा माणसं बोलत असली तरी लहरी धावतात त्या एकाच्याच मागे, ज्याच्याकडे आपलं ध्यान असेल त्याच्या. साधं यंत्र सगळा गोंगाट सरसकट मोठा करतं. मणी तसं करत नाही. तो गोंगाटातले आवाज एकमेकांपासून सोडवतो, गुंतलेल्या दोऱ्यांतून रंग वेगळे करावेत तसे. मग कानाच्या आतल्या कातडीला टेकलेल्या तीन टोकांनी मेंदूच्या लहरी टिपतो आणि ताडून पाहतो, यातल्या कोणत्या आवाजाशी या जुळतात? जो जुळेल तो मोठा करतो, बाकीचे दाबून टाकतो.

"हे शिकायला त्याला गेली दीड मिनिटं सतत जवळ ठेवावी लागतात. सगळे आवाज, सुटेसुटे. माणूस जोरात आपटला, नाडी थांबली, की ती दीड मिनिटं तशीच गोठतात. पोलिसांना वाटलं साधं यंत्र आहे, म्हणून तुम्हाला परत दिलं. मलाही ही सोय कळली ती हेमांगीताईंनी कंपनीचं पुस्तक वाचायला लावलं म्हणून."

हेमांगी. तर तिनं पाठवलं होतं मुजावरभाऊंना.

हेमांगी दळवी वकील आहे, बेचाळीस वर्षांची, अविवाहित. तिची कचेरी आमच्या घरासमोरच्या माडीवर. आवाज असा खणखणीत की ती फोनवर बोलली तर आमच्या माजघरात ऐकू येतं. पेटीच्या कामात ती पहिल्या दिवसापासून होती. शाईची बाटली तिच्याकडे असे. दर शनिवारी पहिलं बोट ह्यांचं, आणि ते हातात धरून शाई लावणार हेमांगी.

हे चौकात पेटीपाशी पडले त्या शनिवारी इस्पितळात मला पंधरा मिनिटं दिली होती. मी पाय धरले, मग हात. डाव्या तर्जनीवर ताजी शाई होती. मी पदर ओला करून पुसली, ती निघाली नाही. तशीच चितेवर गेली.

"मंडळ म्हणतंय गोळी झाडलीच नाही," मुजावरभाऊ पुढं सांगत होते. "सरांना त्यांच्याच लोकांनी भांडणात दगडानं मारलं. अकरा जण आत आहेत, बारावी आरोपी हेमांगीताई, जामिनावर. बुधवारी ऐनापुरे आयोगाची शेवटची बैठक. तिथं मणी उघडला तर सगळं बाहेर येईल. पण तो उघडतो फक्त मालकाच्या किंवा मालकानं नोंदवलेल्या घरच्या माणसाच्या जिवंत आवाजानं. आयोग त्या दिवशीचा आकडा देईल, तो वाक्यात म्हणायचा. सही चालत नाही, आधी भरून ठेवलेला आवाज चालत नाही. सरांनी एकच आवाज नोंदवलाय. तुमचा."

"आणि नाही उघडला तर?"

"नव्वदाव्या दिवशी मणी आपोआप कोरा होतो. खासगीपणाचा कायदा आहे ना."

मी मान हलवली. हे सोपं होतं. मग मी विचारायला नको ते विचारलं. "त्यात आणखी काय असतं?"

ते जरा घुटमळले. "यादी असते. कोणता आवाज किती तास ऐकला, त्याची. उघडायचं तर सगळं एकदम उघडतं, अर्धवट नाही. यादी वारसाला आधी पाहता येते, पण..."

"दाखवा."

मी करंड्यातून मणी आणला; त्यांनी तो पिशवीतून काढलेल्या काचेच्या पाटीवर ठेवला. अक्षरं उमटली.

आवाज एक, हेमांगी दळवी. चौदाशे बारा तास.

आवाज दोन, नाव नाही. दोनशे सहा तास.

आवाज तीन, शरयू बिडकर. एक्केचाळीस तास.

"हा दोन नंबरचा कोण?" अक्कांनी डोळे बारीक केले.

मुजावरभाऊंनी खाकरून घेतलं. "तो रेडिओवरचा बातम्यावाला आहे."

दोन वर्षं. दोन वर्षांत एक्केचाळीस तास, आणि माझ्याही वर एक बातम्यावाला.

"घरी मणी काढून ठेवत असतील," मुजावरभाऊ घाईनं म्हणाले. "खूप जण ठेवतात. कान खाजतो..."

हे फक्त आंघोळीपुरता काढत. ते मला माहीत होतं. ह्यांची सकाळ घरात जायची आणि माझी मौनात. नैवेद्य व्हायच्या आत हे बाहेर पडलेले असत. परतत ते दमून, आणि दमलेल्या माणसाला बोलून शिणवायचं नाही, असं मला आईनं शिकवलेलं. मी हळू बोलते. ज्या देवाला मी आवाज दिला त्यानं तो घेतला होता, आणि जागा भरायला समोरची माडी होती.

---

"उघडू नकोस," अक्का त्या संध्याकाळी म्हणाल्या. "गावभर होईल, शरयू. बायकोपेक्षा वकिलीणबाई चौतीसपट. पेपरवाले गणित करून छापतील."

"अकरा जण आत आहेत, अक्का."

"आहेत ना. पण बैठक किती वाजता?"

"साडेदहा ते साडेअकरा. मंडळानं तेवढाच तास दिलाय."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. पुढचं दोघींपैकी कोणी बोललं नाही, पण ते आमच्या मधे येऊन बसलं. साडेदहाला मी मौनात असते. व्रत मोडता येत नाही. मी काही करायचं नव्हतं. फक्त रोजच्यासारखं राहायचं होतं, की शुक्रवारी मणी कोरा होणार होता, आणि समोरची माडी रिकामी.

देवासमोर बसून असा विचार केल्याचं मी कोणाला सांगितलेलं नाही. इथं लिहिते आहे.

दुसऱ्या दिवशी मी मणी माझ्या कानात घातला. ह्यांनी जसं ऐकलं तसं एकदा ऐकायचं होतं. मुजावरभाऊ म्हणाले होते, गोठलेला भाग वेगळा, मणी दुसऱ्या कोणी घातला तर तो त्या माणसाची नवी यादी सुरू करतो. आधी नुसती खरखर झाली. मग रस्ता मागं सरला, गिरणीचा आवाज विझला, अक्कांची बडबड पाण्याखाली गेली, आणि कानाशी, अगदी ओठ टेकल्यासारखी, हेमांगी बोलली.

"नाही हो, पोळ्या दोनच द्या. तिसरी उरते."

ती डबेवाल्या बाईशी बोलत होती.  ह्यांच्या कानात ही अशी येत असे? इतकी जवळ?

मी मणी काढायला हवा होता. मी तीन दिवस काढला नाही. भांडी घासताना, देवाचं करताना, तो तिला वेचून आणून माझ्या कानात ठेवत राहिला. मी तिचं सगळं ऐकलं. अशिलांना दिलेला दम, आईला फोनवर मारलेल्या थापा ("जेवले गं, भात, आमटी, सगळं"), जिन्यावर एकटीच म्हटलेलं कसलंसं गाणं, बेसूर. कोणत्या तरी वाक्यात ती ह्यांचं नाव घेईल, आणि घेताना तिचा आवाज बदलेल, म्हणून मी वाट पाहत होते.

सोमवारी घेतलं. मुजावरभाऊ माडीवर आले होते.

"वहिनींना पुन्हा विचारू नका," ती म्हणाली. "त्यांचं मौन सरांसाठी आहे. सर सांगायचे. ते मोडायला लावून मला सुटायचं नाही."

"आणि ते अकरा जण?"

 मग, "मी सगळं माझ्यावर घेते. भांडण मी लावलं म्हणून सांगते. बाकीचे सुटतील."

आवाज बदलला होता. पण मी ज्यासाठी टपले होते तसा नव्हता.

रडू यायला हवं होतं ना मला? मला संताप आला. माझं व्रत सांभाळणारी ही कोण? माझं मौन कशासाठी आहे, हे ह्यांनी हिला सांगितलं? मला कधी विचारलंसुद्धा नाही. आणि आता ही तुरुंगात जाणार ती माझ्यावर उपकार करून. नव्वद काय, नऊशे दिवस झाले तरी हिचं देणं माझ्या डोक्यावर राहणार.

मुजावरभाऊ माडीवरून उतरून आमच्याकडे आले. मी त्यांच्यापुढे मणी ठेवला. त्यांनी पाटी उघडली आणि कपाळाला हात लावला.

"वहिनी, हे काय? आवाज एक, हेमांगी दळवी. एकोणतीस तास. तीन दिवसांत!"

मी काही बोलले नाही, आणि तेव्हा संध्याकाळ होती.

"तुमचा एवढा जीव आहे का ताईंवर?"

"अजिबात नाही," मी म्हटलं.

"तेच तर." ते सावकाश म्हणाले. "हा मणी प्रेम मोजत नाही. कान कुठं लागलेत तेवढंच त्याला कळतं. का लागलेत, ते यंत्र सांगत नाही."

---

बुधवारी मी पाचला उठले, आंघोळ केली, दिवा लावला. मौनातच अक्कांबरोबर निघाले. काय करणार ते माझं मलाच ठरलेलं नव्हतं. अक्का चकार शब्द बोलल्या नाहीत. त्यांच्या बाबतीत ते माझ्या व्रतापेक्षा अवघड.

आयोग नगर वाचनालयाच्या सभागृहात बसला होता. निवृत्त न्यायमूर्ती ऐनापुरे म्हणजे म्हातारे, जाड भिंगांचे गृहस्थ. मंडळानं त्यांना नेमलं ते देखाव्यापुरतं, हे त्यांना स्वतःलाही माहीत असावं. एका बाजूला अकरा जण, दोरीनं बांधलेले. मी त्यांना जेवू घातलेलं होतं. एकाच्या दाढीत पांढरे केस आले होते, तीन महिन्यांत.

आणि हेमांगी. पांढऱ्या साडीत, कडेला.

मणी बसवायचा छोटा पाळणा टेबलावर ठेवला. कारकुनानं माझ्यासमोर कागद धरला. "मी शरयू अच्युत बिडकर, आजचा आकडा सातशे एकोणीस, ही नोंद सर्वांसमोर उघडण्यास संमती देते."

"वाचा, बाई," ऐनापुरे म्हणाले.

मी कागदाकडे पाहिलं. वर घड्याळात साडेअकराला दहा मिनिटं होती. माझ्या जिभेवर दोन वर्षांच्या सकाळी बसल्या होत्या. त्या शनिवारीही मी वातीच वळत होते. हे दारात टोपी घालत उभे राहिले. "निघू? आज बोल ना काहीतरी." मी हसून देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं. हेही हसले. व्रतानं ह्यांना सांभाळलं नव्हतं. मग मी ते अजून कोणासाठी पाळत होते? उत्तर मला माहीत होतं. ते कडेला पांढऱ्या साडीत उभं होतं.

"बाई, वेळ कमी आहे."

घड्याळाचा काटा सरकला. मंडळाचा वकील हसून कागद आवरू लागला.

तेवढ्यात तो खणखणीत आवाज उठला. "महोदय, त्यांच्या वतीनं मी सांगते. त्यांचं या वेळेला मौन असतं. त्यांच्यावर दबाव..."

"तू खाली बस."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मलाही कळायला क्षण लागला की हे कोण बोललं.

"खाली बस, हेमांगी. माझ्या वतीनं तू बोलायचं नाहीस. माझं मी बोलते."

ती बसली. आयुष्यात पहिल्यांदा कोणी तिला गप्प केलं असावं. मी ते वाक्य वाचलं, आकड्यासकट, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं. पाळण्यात मणी लुकलुकला आणि पाटीवर अक्षरं आली: आवाज तीन, ओळख पटली.

पुण्याचं काम मी पुण्यानं केलेलं नाही. मत्सरानं केलं. देवाला तसं सांगून टाकलंय.

दीड मिनिट किती मोठं असतं! मुजावरभाऊंनी एकेक आवाज सुटा करून लावला. आधी चौकाची गजबज, मग तिच्यातून वेगळा काढलेला एक पुरुषी आवाज, चाळीस पावलांवरचा, जो तिथं उभ्या असलेल्या कोणालाच ऐकू गेला नसता: "इशारा नको. टोपीवाला आधी. छातीवर." मंडळाच्या वकिलाच्या हातातला कागद खाली पडला. मग गोळीचा आवाज. बहिऱ्यालाही कळावा असा. मुजावरभाऊंनी तो दोनदा लावला नाही, मी हात जोडले म्हणून.

ऐनापुऱ्यांनी चष्मा काढला. "दोऱ्या सोडा यांच्या," ते म्हणाले. आणि मग नियमाप्रमाणे, "उरलेले आवाज?"

उरला होता एकच. ज्याच्याशी ह्यांच्या लहरी जुळत होत्या तो.

"सर, बोट द्या." तिचा. मग, "डावं, सर. दर वेळी उजवं काय पुढं करता!" हसणं. "वहिनी आज तरी बोलल्या का?"

आणि ह्यांचा आवाज, आतून, हाडांतून आलेला, घुमणारा. "बारानंतर बोलेल. आज मला बाराला घरी पोचायचंय. तिचं पहिलं वाक्य कसलं असतं ते मी कधी ऐकलंच नाही."

"मग पळा. पेटी मी बघते."

"एवढी रांग संपू दे."

तिथं संपलं.

अक्कांनी माझा हात धरला. सगळं सभागृह माझ्याकडे पाहत होतं, डोळे पुसत, मला काहीतरी मिळालं असं समजून. मिळालंही होतं. पण माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की माझ्यासाठी असलेलं हे एकच वाक्य, तेसुद्धा ह्यांनी तिलाच सांगितलं.

---

अकरा जण सुटले. ज्याचा आवाज होता तो अधिकारी रजेवर गेला, अजून परतलेला नाही. ऐनापुऱ्यांचा अहवाल मंडळानं दाबला, पण ती दीड मिनिटं घराघरांत पोचली आहेत. यादी पेपरात आली, चौतीसपटीच्या गणितासकट. अक्का तो पेपर शेंगांच्या सालांसाठी वापरतात.

निवडणुका झालेल्या नाहीत.

पुढच्या शनिवारी पेटी पुन्हा चौकात ठेवली. मी नऊलाच गेले. हेमांगीनं मला पाहून शाईची बाटली उघडली.

"वहिनी, बोट द्या."

"ती बाटली इकडे आण," मी म्हटलं. सकाळी नऊ वाजता, मोठ्यानं. "आजपासून शाई मी लावणार."

ती बघत राहिली. "मग मी काय करू?"

"तू रांग लाव. तुझा आवाज लांब जातो."

तिनं बाटली दिली. मग आपलं बोट पुढं केलं, डावं. मी ते धरलं. तिच्या नखाशी जुनी शाई होती, दोन वर्षांची, थरावर थर. मी तिच्यावर नवी लावली, जरा जास्तच दाबून.

व्रत मी सोडलेलं नाही, फक्त वेळ बदलली. आता दिवा लागला की झोपेपर्यंत मौन, सकाळी बोलते. देवाशी तसं बोलून घेतलंय. रात्री माजघरात बसून मणी कानात घालते आणि ऐकते. माझ्या यादीत आवाज एक अजून तीच आहे. परवा मुजावरभाऊंना विचारलं, हा क्रमांक पुसता येतो का?

"यंत्रातून पुसता येतो," ते म्हणाले. "पुसू?"

समोरच्या माडीवर ती आईला फोनवर सांगत होती की जेवले, भात, आमटी, सगळं.

"राहू दे," मी म्हटलं, आणि माडीवर पाठवायच्या डब्यात तिसरी पोळी ठेवली.